म्होरकीसकट घोडा

काचिके दलाल आणि तोलोमुश चित्रकार यांची पहिली गाठ पडली तेव्हा दोघांच्या मधून एक घोडा उडत चालला होता. हे काचिकेचं म्हणणं. काराकोलच्या गुरांच्या बाजारात त्याने उभा जन्म दलाली केली, त्यामुळे तो सांगेल त्यातलं निम्मं सोडून द्यावं हे सगळ्यांना ठाऊक आहे. या गोष्टीतलं नेमकं कुठलं निम्मं सोडायचं, ते मात्र अजून कुणाला ठरवता आलेलं नाही.

रविवारची सकाळ होती, डोंगराकडून वारा सुटला होता. काचिकेने एका मुठीत विकणाऱ्याचा हात धरला होता, दुसऱ्या मुठीत घेणाऱ्याचा, आणि दोन्ही हात एकमेकांत कोंबून तो ते हातपंपासारखे खालीवर हलवत होता. "झालं म्हणा! अहो, झालं म्हणा!" असं तो ओरडत होता आणि ते दोघे आता 'झालं' म्हणणार, तेवढ्यात आभाळातून घोडा आला. पांढराशुभ्र, आयाळ पिंजारलेली, चारही पाय अधांतरी आणि अंगाने दाराएवढा. तो मेंढ्यांच्या डोक्यावरून गेला, मेंढ्यांनी कुंपण आडवं केलं. मेंढ्या गायींच्या पायांत शिरल्या, गायी मोटारींच्या रांगेत शिरल्या. तीन वर्षं काठीशिवाय पाऊल न टाकलेला एक म्हातारा जुन्या मॉस्कविच गाडीच्या टपावर उभा राहून देवाचा धावा करताना लोकांनी पाहिला. शेवटी तो घोडा मटण भरलेल्या सामशांच्या भट्टीवर जाऊन आदळला आणि धुरात नाहीसा झाला.

त्याच्यामागून एक काटकुळा माणूस धावत आला. डोक्यावर इथली उंच काल्पाक टोपी नाही, तर कानावर कललेली शहरी गोल टोपी. आणि ओरडतोय काय, तर, "हात लावू नका! रंग ओला आहे!"

"ओला होताच," काचिके सांगतो. "हा बघा, अजून कोटावर आहे." आणि कोटाची बाही पुढे करतो. बाहीवर डाग आहे खरा. काचिकेची बायको जिपार म्हणते की तो बिटाच्या सुपाचा आहे.

काचिकेने पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली तेव्हा वाऱ्याने उडालेली ती घोडा रंगवलेली लाकडी फळी टेबलाएवढी होती. मधल्या काळात ती दाराएवढी झाली. काचिकेला अजून दहा वर्षं आयुष्य मिळालं तर ती तंबूच्या छपराएवढी होईल, आणि तेव्हाही लोक पुढ्यातला चहा गार करून ऐकत बसतील. कारण ती ऐकताना त्यांना जुना बाजार आठवतो. पत्र्याचं कुंपण नसलेला, मोटारींपेक्षा घोडे जास्त असलेला, आणि खोटं बोलायलासुद्धा समोरासमोर उभं राहावं लागणारा.

तोलोमुश मूळचा सामुदायिक शेतीचा चित्रकार. राजधानीत चार वर्षं चित्रकला शिकून आलेला. जुन्या राजवटीत त्याने पुढाऱ्यांचे चेहरे रंगवले, ट्रॅक्टर रंगवले, कुठल्या गायीने किती दूध दिलं त्याचे फलक रंगवले. गिऱ्हाईक एकच, सरकार. ते कधी घासाघीस करायचं नाही, चित्राकडे बघायचंही नाही, आणि पगार पहिल्या तारखेला. मग एका हिवाळ्यात ते गिऱ्हाईकच राहिलं नाही. तोलोमुशकडे उरल्या त्या गोदामभर लाकडी फळ्या, प्रत्येकीवर तोच एक दाढीवाला पुढारी. त्याने फळ्या उलट्या केल्या आणि पाठीवर घोडे रंगवायला घेतले. घोडे अशासाठी की या मुलखात ज्याला पुढारी आवडत नाही असा माणूस सापडेल, घोडा आवडत नाही असा सापडणार नाही.

हा हिशेब बरोबर होता. तरी एकही चित्र विकलं जात नव्हतं.

आणि तोलोमुशकडे वेळ थोडा होता. त्याची बायको बुबुश हिचा भाऊ राजधानीत, बिश्केकच्या दोर्दोई बाजारात चपला विकायचा. मालवाहू लोखंडी डब्यात दुकान, वर बिऱ्हाडाला खोली. "गुरं उन्हाळी कुरणांवरून खाली उतरेपर्यंत तुझे घोडे विक," बुबुशने त्याला बजावलं होतं. "नाहीतर आपण दादाकडे जायचं. चपलांना निदान दोन पाय तरी लागतात. तुझे घोडे कुणालाच लागत नाहीत."

हे सगळं तोलोमुशने पहिल्याच दिवशी, जळक्या फळीशेजारी बसून, काचिकेला सांगितलं. काचिकेचा सौदा मोडला होता. सामशावालीला नुकसानभरपाई हवी होती. या माणसाला हाणावं की चहा पाजावा, हे काचिकेला ठरवायचं होतं. त्याने चहा मागवला.

"मला सांग, तुझा दलाल कोण आहे?"

"चित्रांना दलाल नसतो, बाइके," तोलोमुश म्हणाला, थोरल्या भावाला म्हणतात तसं.

"मग बरोबर! दलाल नाही तिथे घोडे उडणारच. पुढच्या रविवारी ये. मी विकून देतो."

पुढच्या रविवारी काचिकेने दुसरं चित्र बाजाराच्या तोंडाशी, येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं उभं केलं, खाली दोन दगड लावले, आणि खऱ्या घोड्याला मारतात तशी चित्रातल्या घोड्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारून तो सुरू झाला. "बघा! वय पाच! दात बघा! चारा नाही, पाणी नाही, लाथ मारत नाही!"

म्हातारी माणसं जमली. त्यांनी काठ्या रोवल्या आणि चित्राची तपासणी सुरू केली.

"मागचा डावा पाय लांब आहे."

"लांब नाही, तो पळतोय म्हणून दिसतो."

"पळतोय ते दिसतंय. कुणापासून पळतोय?"

"मालक कुठाय याचा?"

"आणि म्होरकी? तोंडाला म्होरकी कुठाय?"

सगळे पुढे वाकून बघू लागले. खरंच, घोड्याच्या तोंडाला म्होरकी नव्हती.

"बाबा, ते स्वातंत्र्य आहे," तोलोमुश म्हणाला.

"स्वातंत्र्य नाही बेट्या, ते सुटलेलं जनावर आहे. चोरीचं असेल, नाहीतर विकलेलं. असलं भिंतीवर टांगलं तर घरातली बरकत त्याच्यामागून जाईल."

आणि सगळे पांगले. काचिकेने कपाळावर हात मारला. दलाल असून ही गोष्ट त्याच्याही ध्यानात आली नव्हती. घोडा विकणारा माणूस आपली म्होरकी कधी देत नाही. सौदा झाला की तो घोड्याच्या तोंडाला बाही पुसतो, म्हणजे घराची बरकत आपल्या बाहीवर राहते. मग स्वतःची म्होरकी उतरवून घेतो, घेणारा आपली चढवतो आणि घोडा नेतो. रिकामी म्होरकी घरी येऊन खिळ्याला टांगली जाते. या दोन म्होरक्यांच्या मधे पापणी लवेपर्यंत घोड्याचं तोंड मोकळं असतं, आणि त्या वेळी तो कुणाचाच नसतो. तोलोमुशने गोदामभर फळ्यांवर, मोठ्या मेहनतीने, तोच क्षण रंगवून ठेवला होता.

"तू घोडेवाल्यांच्या घरात जन्मलास ना?" काचिकेने विचारलं.

"हो."

"मग चार वर्षं तुला तिथे शिकवत होते की विसरायला लावत होते?"

तोलोमुशने आठवडाभर बसून सगळ्या घोड्यांना म्होरक्या घातल्या. लाल, निळ्या, गोंडे लावलेल्या. तरी चित्रं खपेनात.

काचिकेने दुसरी अक्कल चालवली. "हे बघ, खुशीत असलेला माणूस पैसे उधळतो. बाजारात खुशीत कोण असतो? ज्याने आत्ताच घोडा घेतला तो! त्याला गाठायचं." आणि तो नव्या घोड्याचा लगाम धरून निघालेल्या प्रत्येकाच्या आडवा जाऊ लागला.

"दादा, तुमच्या घोड्याचं चित्र काढून घ्या. पिढ्यान्‌पिढ्या राहील!"

"घोडा हा काय इथे उभा आहे," त्यातला एक म्हणाला. "चित्र कशाला? याचा चारा ते चित्र खाणार आहे का?"

"दादा, आठवण..."

"आठवण गेल्यावर येते. मी आत्ताच घेतलाय, आणि तू त्याला मारतोस?"

दुसऱ्याने तर आपले दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले. घोडा घेतलेल्या माणसाकडे घोडा सोडून काही उरत नाही, हे कळायला काचिकेला दलालीत पंचवीस वर्षं काढूनही तो उलटा खिसा बघावा लागला. उन्हाळ्यात दोन परदेशी पाहुणे आले, पाठीवर पोती घेऊन. त्यांना चित्र फार आवडलं. त्यांनी चित्राचा फोटो काढला, चित्रासोबत काचिकेचा फोटो काढला, काचिकेच्या टोपीचा वेगळा फोटो काढला, आणि हात हलवत निघून गेले. दाराएवढा घोडा पाठीवरच्या पोत्यात मावणार कुठे?

शरद आला. कुरणांवरून कळप उतरायला लागले. बुबुशने पेट्या बांधायला काढल्या. तोलोमुश शेवटचा म्हणून बाजारात आला तो चित्रं विकायला नाही, तर फळ्या सरपणाला कुणी घेईल का बघायला. काचिकेला वाईट वाटत होतं. चित्रकलेचं त्याला काही नव्हतं. पण आपण दलाल असून एक नग खपवू शकलो नाही, ही गोष्ट त्याला घशात अडकलेल्या हाडासारखी टोचत होती.

त्या रविवारी कालिचा आपाने आपली तांबडी घोडी विकली. कालिचा आपा ही वरच्या गावची विधवा, चालताना वाकायची, बोलताना अजिबात वाकायची नाही. सौदा काचिकेनेच केला होता. घोडी ट्रकमध्ये चढली, ट्रक गेला, आणि आपा हातात रिकामी म्होरकी घेऊन बाजाराच्या मागल्या फाटकाकडे निघाली. तिथे तोलोमुश फळ्या रचत बसला होता. ती त्याच्यापुढे थांबली.

"हे तू काढतोस?"

"हो, आपा."

"माझी घोडी काढ."

"कुठाय घोडी?"

"गेली."

"मग काढू कशी?"

"मी सांगते ना! माझं तोंड काय बंद आहे?"

तोलोमुशने एक फळी करवतीने कापून मांडीवर मावेल एवढी केली. आपा उलट्या बादलीवर बसली. रंग तांबडा, पण भाजलेल्या विटेसारखा नाही, चहासारखा. दूध घातलेल्या नाही, बिनदुधाच्या. कपाळावर चांदणी, मधोमध नाही, जराशी डाव्या भुवईकडे. काचिके दलालीचा हिशेब संपवून तिथे आला, आणि उभाच राहिला.

"आता डोळा," आपा म्हणाली. "उजव्या डोळ्यात पांढरा ठिपका काढ. त्या डोळ्याने तिला दिसत नव्हतं."

"आपा!" काचिके ओरडलाच. "सकाळी तुम्ही भाकरीची शपथ घेऊन मला सांगितलंत, दोन्ही डोळे लख्ख आहेत म्हणून! मी तेच पुढे सांगितलं!"

"सकाळी मी ती विकत होते, बाळा," आपा शांतपणे म्हणाली. "आणि तू, कान नीट काढ. उजवा कान फाटलेला होता, लांडग्याने धरला होता. त्या वर्षी आमचे हे होते."

चित्र तयार झालं तेव्हा आपाने हातातली म्होरकी फळीजवळ धरून रंग ताडून पाहिला. मग तिने पदराची गाठ सोडावी तशी डोक्याच्या रुमालाची गाठ सोडली, आत घोडीचे ताजे पैसे होते, आणि तोलोमुशने सांगितले तेवढे मोजून दिले. त्याने कचरत निम्मीच किंमत सांगितली होती. फळी काखेत मारून, म्होरकी खांद्यावर टाकून ती गेली.

काचिके आणि तोलोमुश तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. मग दोघांनी एकदमच मागल्या फाटकाकडे पाहिलं. तिथून माणसं घरी चालली होती. कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या मनगटाला गुंडाळलेली, कुणी नुसतीच बोटावर फिरवत. म्होरक्या, म्होरक्या आणि म्होरक्या. यातल्या प्रत्येकाच्या खिशात पैसे होते आणि प्रत्येकाचा हात रिकामा होता. इतके दिवस गिऱ्हाईक अंगावर खूण घेऊन समोरून जात होतं, आणि हे दोघे पुढल्या फाटकावर घेणाऱ्यांना गाठत बसले होते.

"उठ," काचिके म्हणाला. "दगड घे. जागा बदलायची."

"पण बाइके, मी तर मागल्या फाटकापाशीच बसलोय."

"मग बस! हलू नकोस! मेलास तरी हलू नकोस!"

बुबुशने पेट्या सोडल्या. त्यानंतरची वर्षं काचिकेला आठवली की तो चहात साखर घालायची विसरतो. मागल्या फाटकापाशी तोलोमुशची बादली, आणि बादलीपुढे गिऱ्हाईक. तोलोमुश कुणाला हाक मारायचा नाही. म्होरकी घेतलेला माणूस आला की नुसती बादली पायाने पुढे सरकवायचा. माणूस आधी पुढे जायचा, दहा पावलांवर घुटमळायचा, तंबाखूची डबी चाचपायचा, परत यायचा. आणि बसला की सुरू व्हायचा. ज्यांनी सकाळी 'चाल लोण्यासारखी' म्हणून सांगितलं तेच दुपारी सांगायचे, "जरा लंगडत असे, तसा काढ." वय सहा म्हणून विकलेल्या घोड्याच्या डोळ्यांवर पांढरे केस काढून घ्यायचे. पाठीवरची खोगिराची जखम, चावायची खोड म्हणून वर उचललेला ओठ, सगळं. विकताना लपवलेला प्रत्येक दोष त्यांना चित्रात हवा असायचा. काचिके बाजूला उभा राहून ऐकायचा आणि आपण आजवर किती जनावरांबद्दल काय काय खोटं सांगितलं, याची त्याला पहिल्यांदाच रीतसर माहिती मिळत गेली.

"बाइके, तुम्ही इथे उभे राहू नका," तोलोमुश म्हणायचा. "तुम्हाला बघून लोकांना खरं बोलायची लाज वाटते."

फळ्या कापल्या जात होत्या आणि घरोघर जात होत्या. त्यामुळे काराकोलजवळच्या सरोवराच्या या अंगाला आजही कुणाच्या भिंतीकडे तोंड करून त्या पुढाऱ्याचा एक डोळा आहे, कुणाकडे कान, कुणाकडे दाढीचा टोकाकडला भाग. सगळा जमवला तर अख्खा पुढारी होईल, असं काचिके म्हणतो. जमवायची कुणाला इच्छा नाही.

मग काचिकेच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं.

काचिकेकडे एक करडा घोडा होता, मऊ चालीचा. त्याच्यावर बसून तो बाजारात यायचा. चाल अशी की हातातल्या वाटीतला चहा सांडणार नाही, आणि हे काचिकेने एकदा पैज लावून दाखवलंही होतं. (वाटी रिकामी होती, असं जिपार म्हणते.) नवरीकडच्यांना द्यायचं होतं, पाहुण्यांना जेवू घालायचं होतं, आणि विकण्यासारखं दुसरं काही घरात नव्हतं. "माझ्या हाताखालून हजारो घोडे गेले," काचिके घरून निघताना म्हणाला. "त्यात हा एक." जिपारने जाऊन घोड्याची आयाळ विंचरली, यावरूनच त्याने समजायला हवं होतं.

बाजारात भलतीच अडचण झाली. काचिके विकणारा आणि काचिकेच दलाल. त्याचा हात घेणाऱ्याच्या हातात कोंबायला कुणी नव्हतं. शेवटी सामशावाली आली, तिने पिठाच्या हातांनी दोघांचे हात धरले आणि हलवले. घेणारा सीमेपलीकडून आला होता. त्याने घोड्याची चाल पाहिली नाही, दात पाहिले नाहीत. त्याने बरगड्या चाचपल्या, मग मांड्या चाचपल्या, आणि मान डोलावली. घोडा चालवायला नेणारा बरगड्या चाचपत नाही, कापायला नेणारा चाचपतो, हे काचिकेइतकं कुणाला ठाऊक असणार? पण 'झालं' म्हणून झालं होतं. त्याने घोड्याच्या तोंडाला बाही पुसली, ती रंगाचा किंवा सुपाचा डाग असलेली, आणि म्होरकी उतरवली.

मागल्या फाटकातून जायचं नाही, असं त्याने ठरवलं. पण पुढल्या फाटकातून त्याचा घोडा घेऊन ट्रक निघत होता. तो मागल्या फाटकाकडे वळला, मान दुसरीकडे करून भरभर चालू लागला.

तोलोमुशने बादली पायाने पुढे सरकवली.

"मला नकोय चित्रबित्र," काचिके म्हणाला. "मी दलाल माणूस आहे. उद्या दुसरा घेईन."

"बरं."

"लोकांना लागतं. मला नाही लागत."

"नाही ना. चहा घ्या. बसा."

काचिके बसला. तोलोमुश ब्रश धूत राहिला. दोघे ट्रकचा आवाज वळणावरून लांब जाताना ऐकत होते.

"करडा," शेवटी काचिके म्हणाला. "पण राखेसारखा नको. पहाटेच्या आभाळासारखा."

"ठाऊक आहे. रोज बघायचो मी."

"उजवा गुडघा सुजलेला काढ."

तोलोमुशचा हात थांबला. "बाइके, तुमच्या घोड्याचा गुडघा सुजलेला होता? इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांना सांगत आलात की..."

"गप काढ!"

त्याने गुडघा काढला. शेपटीतली न सुटणारी गाठ काढली, डाव्या नाकपुडीवरचा लहानपणीचा व्रण काढला, आणि म्होरकी काढताना काचिकेच्या हातातली मागून घेतली नाही. त्याला तीही पाठ होती. तोलोमुशने किंमत सांगितली ती इतरांना सांगायचा तीच, आणि काचिकेने दिली. घरी पोचल्यावर, जिपारने "केवढ्याला?" म्हणून विचारल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण घासाघीस केली नाही. जिपारने त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग चित्र हातात घेऊन ती खिडकीशी गेली आणि म्हणाली, "गुडघा बरोबर आलाय."

पुढे फोनमध्ये कॅमेरे आले. आता लोक बाजारात यायच्या आधीच अंगणात घोडा उभा करून फोटो काढतात. फोटोत घोडा उन्हाकडे बघतो, मागे ट्रॅक्टर असतो, कोपऱ्यात काढणाऱ्याचं बोट. माणसं अजून खांद्यावर म्होरकी टाकून मागल्या फाटकातूनच जातात; फोन खिशात असतो, त्यामुळे कुणी थांबत नाही. काही रविवार तोलोमुश बादली पुढे सरकवत राहिला. मग त्याने ती मागे घेतली आणि स्वतःच तिच्यावर बसला. बुबुशने पेट्या दुसऱ्यांदा काढल्या, तेव्हा त्यानेच त्यांना दोर बांधले.

करड्या घोड्याचं चित्र जिपारच्या स्वयंपाकघरात आहे, शेजारच्या खिळ्याला म्होरकी. तोलोमुश दोर्दोई बाजारात मेहुण्याच्या डब्यात चपला विकतो. काचिके मागल्या वर्षी बिश्केकला मुलाकडे गेला होता तेव्हा त्याला मुद्दाम भेटून आला, आणि घासाघीस न करता, पायात घालूनही न बघता एक जोड विकत घेतला. तो त्याला लहान होतो.